मामाजींचे पट्टेरी हंस

लग्न होऊन मी वर्ध्याला आले तेव्हा माझ्या सामानात एक दुर्बीण होती. मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं होतं. कॉलेजातल्या आमच्या मॅडम हिवाळ्यात रविवारी सकाळी आम्हा मुलींना तळ्यावर न्यायच्या. तिथं मला पाखरांचा नाद लागला, आणि लग्नाआधी माझ्या भावानं नागपूरला जाऊन ती दुर्बीण माझ्यासाठी आणली. रुखवतात ती मांडायची की नाही यावरून आईची आणि त्याची चांगलीच वादावादी झाली. शेवटी ती साड्यांच्या घड्यांमध्ये दडून सासरी आली.

सासूबाईंनी बॅग रिकामी करताना ती हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली.

"हे कायले लागते वो?"

"पाखरं पाहाले," मी म्हटलं.

दुर्बीण कपाटावर गेली, आहेरात आलेल्या पितळी डब्यांच्या मागे. किराणा दुकानदाराच्या घरातल्या नव्या सुनेनं पाखरं पाहायला निघावं, असं तेव्हा मलाही वाटत नव्हतं. मी ती विसरले, म्हणजे विसरल्यासारखं केलं.

हे सगळं नव्वदच्या दशकातलं. दुकान वर्ध्याच्या बाजारात होतं, पण घर पिपरी मेघेला नवं बांधलेलं. तेव्हा पिपरीत घरं थोडी आणि आखलेले प्लॉट जास्त. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे हरभऱ्याचं शेत होतं. त्यातून पायवाटेनं सरळ गेलं की एक तलाव लागायचा. गुरं पाण्यावर यायची, कडेला बाया कपडे धुवायच्या. त्या तलावाला वेगळं नाव कुणी ठेवलेलं नव्हतं.

आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. माझे मामाजी उभं आयुष्य दुकानाच्या गादीवर बसलेले. साखरेचा आजार निघाला, डॉक्टरांनी रोज सकाळी चालायला सांगितलं, आणि दुकान मुलांच्या हाती देऊन ते घरी बसले. चालणं त्यांना शिक्षेसारखं वाटायचं.

"काही आणाले चाललो असतो तं गोष्ट येगळी," ते म्हणायचे. "रिकाम्या हातानं जा अन् रिकाम्या हातानं ये. याले काय अर्थ आहे?"

तरी ते जायचे. एकदा वाटेतल्या नालीत त्यांचा पाय गेला आणि घोटा सुजला. तेव्हा सासूबाईंनी मला सांगितलं, "तू जात जा त्याईच्या संगं. पोराईले दुकानातून फुरसत नाई."

असं आमचं चालणं सुरू झालं. ते पुढे, मी डोक्यावर पदर घेऊन मागे. बोलणं नाही. हरभऱ्यावरच्या दवानं साडीचा काठ भिजून जड व्हायचा. तलावाच्या पाळीपर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, जायचं, त्यांनी दगडावर बसून दम घ्यायचा, मी बाजूला उभं राहायचं, आणि परत.

एके दिवशी पाळीवर चढले आणि माझे पाय थांबले. पलीकडच्या काठाला ओल्या गाळावर राखी रंगाचे मोठे पक्षी उभे होते. डोकी पांढरी, आणि डोक्याच्या मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, काजळाचं बोट ओढावं तसे.

"मामाजी, थांबा!"

मी विचारल्याशिवाय त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य असावं. ते दचकले.

"काय झालं? साप आहे काय?"

"नाई, हंस आहेत. पट्टेरी हंस. तिकडं पाहा, त्या बाभळीच्या खाली."

त्यांनी डोळ्यांवर हात धरला. "हाव. आहेत काहीतरी. कुठून आले?"

"तिबेटातून. हिमालय ओलांडून येतात."

"इतक्या दुरून?" ते दगडावर बसले. मग दुकानातल्या माणसासारखे एकेक विचारू लागले. रस्त्यात खातात काय? थांबतात कुठं? पुढं कोण राहतो, मागं कोण? आणि इथं आमच्या या तलावात त्यांचं काय आहे?

"तिकडं बर्फ पडतो, मामाजी. खायाले काही राहत नाई. इथं पाणी आहे, हरभरा आहे, गव्हाचे कोंब आहेत. फेब्रुवारी-मार्चात वापस जातात."

"मंग बराबर आहे," ते म्हणाले. त्यांचं समाधान झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चपला घालत होते तर मामाजी बैठकीतून आले. त्यांच्या हातात माझी दुर्बीण होती. स्टुलावर चढून त्यांनी स्वतःच ती कपाटावरून काढली होती, सदऱ्याला धूळ लागलेली होती.

"हे चालते काय?" त्यांनी विचारलं.

त्या दिवसापासून आम्ही रिकाम्या हातानं गेलो नाही.

थंडी ओसरताना तलाव कसा बदलतो ते मी त्यांना त्या पहिल्या साली दाखवलं. हिवाळाभर पाण्यावर आळसावून पडलेली बदकं फेब्रुवारीत चुळबुळायला लागतात. सुईसारख्या शेपटीची तलवार बदकं आधी निघतात. काठावर शेपटी हलवत फिरणारा पिवळा धोबी थंडीभर मळकट असतो, तो हळदीचं बोट लावल्यासारखा उजळत जातो. आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर रोज येऊन शेपटी थरथरवणारा थिरथिरा एका सकाळी येतच नाही. आणि हंस तिन्हीसांजेला हरभऱ्याच्या शेतात उतरतात आणि अंधार पडेपर्यंत खात राहतात.

"लांबच्या रस्त्याची शिदोरी बांधून राह्यले," मामाजी म्हणाले.

मग होळीच्या आधी एका सकाळी पलीकडचा काठ मोकळा दिसला. गाळात नुसते पायांचे ठसे होते.

"गेले काय?"

"गेले, मामाजी."

ते बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. "सांगूनही नाई गेले," ते म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले.

त्या उन्हाळ्यात ते संध्याकाळी दुकानात जाऊन बसले की गिऱ्हाइकांना हंसांचं सांगायचे. नवरा घरी येऊन हसायचा. "तूर डाळ मागाले आलेल्या माणसाले बाबा हिमालय सांगून राह्यले," म्हणायचा. कुणी शंका काढली की मामाजी म्हणायचे, "माह्या सुनेले इचारा." शेजारच्या बायका सासूबाईंना टोमणा मारायच्या, सून सासऱ्याला रानात फिरवते म्हणून. सासूबाई म्हणायच्या, "फिरवू द्या नं. घरात बसले की मलेच तरास देतात."

पुढच्या एका हिवाळ्यात मला दिवस गेले होते. संक्रांतीनंतर डॉक्टरीणबाईंनी झोपूनच राहायला सांगितलं. माझं तलावावर जाणं बंद झालं, आणि ऐन वेळी बंद झालं. हंसांच्या परतीचे दिवस तोंडावर आले होते. मी खिडकीतून भिंत पाहत पडून राहायची.

मामाजी एकटे जायला लागले. गळ्यात दुर्बीण, हातात काठी. परत आले की पाय धुवायचे आणि माझ्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे. सुनेच्या खोलीकडे कधी न फिरकणारा माणूस, पण त्या दिवसांत ते रोज बसले.

"आज लय कल्ला होता," ते सांगायचे. "एक मधातच जोरानं ओरडे, मंग सगळे त्याच्या मागून. जसे काही भांडून राह्यले." कधी म्हणायचे, "आज वर गेले होते. एक घेर घेतला, अन् मंग पुन्हा खाली. पंखाईचा असा आवाज झाला, जशी कोणी सतरंजी झटकली." कधी त्यांच्या डोक्यावरचे काळे पट्टे सांगायचे, कधी पिवळी चोच, नारिंगी पाय. मी डोळे मिटून ऐकायची आणि तलाव माझ्या खोलीत यायचा. आईकडे असते तर एवढी काळजी घेतली गेली असती का, असं मला तेव्हा खरंच वाटून गेलं.

एका सकाळी ते आले आणि खुर्चीवर बसून काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली. मग म्हणाले, "आज काहीच आवाज नाई. गेले वाटते." त्यानंतर थोड्याच दिवसांनी मला मुलगी झाली.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा बरोबर जायला लागलो. मुलगी सासूबाईंकडे राहायची. ती रात्रभर झोपू द्यायची नाही, त्यामुळे मी अर्धवट झोपेतच चालायची. फेब्रुवारीतली अशीच एक सकाळ होती. तलावावर हलकं धुकं होतं, पण हंस या बाजूला, अगदी जवळ आले होते. मी दुर्बीण पिशवीतून काढून तशीच मामाजींच्या हातात दिली.

"आधी तुमी पाहा, मामाजी. आज लय जवळ आहेत."

त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवली. चेहऱ्यावर हसू आलं.

"आहा," ते म्हणाले. "काय मान आहे! अन् ते पट्टे पाह्य कसे चमकून राह्यले."

मी त्यांच्याकडे पाहिलं. दुर्बिणीच्या पुढच्या दोन्ही भिंगांवर काळी रबरी झाकणं तशीच होती. मी ती काढायला विसरले होते.

आधी मला वाटलं, थट्टा करताहेत. पण मामाजी थट्टा करणाऱ्यांपैकी नव्हते. झाकण लावलेल्या दुर्बिणीतून काळोखाशिवाय काही दिसत नाही. आणि ते त्या काळोखात पाहून हसत होते, माझ्यासाठी मान हलवत होते. माझी झोप उडाली. मी खाली त्यांच्या दगडाशेजारी गवतात बसले.

त्यांनी दुर्बीण परत दिली. मी ती घेतली आणि झाकणं काढली. रबर निघताना बारीक 'पट' असा आवाज होतो. त्यांनी तो ऐकला. त्यांचा हात हवेतच थांबला.

"मामाजी," मी म्हटलं, "कधीपासून दिसत नाई?"

ते काठीनं मातीवर रेघ ओढत राहिले.

"पहिल्या साली दिसत होते," ते म्हणाले. "धुरातून पाह्यल्यावानी. मंग धूरच राह्यला."

"काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं दवाखान्यात नेलं असतं." मग त्यांनी त्यांच्या वडिलांचं सांगितलं. वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, फार जुन्या काळी, मामाजी लहान असताना. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून त्यांना आठवडाभर उताणं झोपवलं होतं. घरी आल्यावर चुलीच्या धुरानं म्हणा, कशानं म्हणा, तो डोळा पिकला आणि गेला. "मी त्याईचं बोट धरून बाजारात नेत जाओ. माह्या बापाचा तो डोया अजून माह्यासमोर आहे."

"आता तसं नाई राह्यलं, मामाजी."

"माईत आहे मले. पण भेव ते भेव." त्यांनी काठी बाजूला ठेवली. "अन् दुसरं म्हणजे, तू इतक्या हौसेनं दाखवे. म्हटलं, मले दिसत नाई हे समजलं तं हिचं येणं बंद होईन. मले तुझं सांगणं आयकाले बरं वाटे."

हंस पाण्यावरून सरकत होते. मला एकदम मागचं वर्ष आठवलं.

"अन् मी झोपून होती तवा? रोज येऊन सांगत होते ते?"

आता ते हसले. "कान आहेत नं मले."

"अन् रंग? पट्टे, पाय, चोच?"

"ते तूच सांगतले होते पहिल्या साली. तुहाच माल तुले वापस केला."

मी हसले, आणि हसता हसता पदर तोंडाला लावला. रोज सकाळी, काठीनं चाचपडत, एवढं रान तुडवून हा माणूस तलावाच्या काठी कान देऊन बसत होता, का तर घरी झोपलेल्या सुनेला काहीतरी सांगता यावं म्हणून.

घरी सांगायचं नाही, असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं म्हटलं तर "पाहू" म्हणाले. त्या 'पाहू'चा अर्थ दुकानात उधारी मागणाऱ्यांना चांगला ठाऊक होता. मी दोन-तीनदा विषय काढला, त्यांनी दोन-तीनदा टाळला.

मग एका संध्याकाळी मी ओसरीत भाजी निवडत होते. मुलगी रांगत जाऊन मामाजींच्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि त्यांच्या तोंडाकडे पाहून बोळकं पसरून हसायला लागली. आवाज न करता हसायची सवय होती तिला. मामाजींनी वाकून तिच्या गालावर बोट फिरवलं, मग ओठांवर.

"ही आता हसून राह्यली काय वो?" त्यांनी मला विचारलं.

"हाव मामाजी. तुमच्याकडं पाहून."

बराच वेळ त्यांचं बोट तिच्या गालावरच होतं. दुसऱ्या दिवशी पायवाटेवर, माझ्याकडे न वळता, त्यांनी विचारलं, "सेवाग्रामच्या दवाखान्यात कोणाले भेटा लागते?"

अट एकच होती. मुलांनी गोंधळ घालायचा नाही, दवाखान्यात सोबतीला मी राहायचं. नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो आधी रागावला, आपल्याला काही कळू दिलं नाही म्हणून, आणि मग त्यानंच सगळी धावपळ केली. मुलगी सासूबाईंजवळ राहिली. सेवाग्रामला वॉर्डात मामाजींच्या खाटेशेजारी मी सतरंजी टाकली. ऑपरेशनच्या सकाळी ते घाबरले होते. मला म्हणाले, "बोलत राह्य काहीतरी." मी तलावाचंच बोलत राहिले. आता बदकं किती उरली असतील, धोबी किती पिवळा झाला असेल. स्ट्रेचर आला तेव्हा माझं वाक्य अर्धंच राहिलं.

ऑपरेशन एकाच डोळ्याचं होतं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बोटं दाखवली, मामाजींनी बरोबर सांगितली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर कोणत्या देवाचं चित्र आहे ते सांगितलं. मग ते माझ्याकडे वळले आणि एकटक पाहू लागले. त्यांच्या कपाळावर आठी आली.

"तू चष्मा कधीपासून लावून राह्यली?"

"मामाजी, दोन वर्षं झाली असतील."

सिस्टर खळखळून हसल्या. मामाजी हसले नाहीत. ते पाहतच राहिले. "दोन वर्षं," ते पुटपुटले. मग म्हणाले, "फ्रेम जरा मोठी आहे. पण चांगली दिसते."

घरी आलो तेव्हा त्यांच्या डोळ्यांवर मोठा काळा चष्मा होता. त्याला पाहून मुलगी किंचाळून सासूबाईंच्या कुशीत शिरली. काढायची मनाई होती, तरी मामाजींनी तो चष्मा क्षणभर वर केला आणि नातीचं तोंड पाहिलं. जन्मल्यापासून मांडीवर खेळवलेल्या नातीचं.

"हिचं नाक तं माह्या मायसारखं आहे," ते म्हणाले.

"वर्षभरापासून सांगून राह्यली मी," सासूबाई म्हणाल्या. "तुमी नुसतं हाव हाव करत." आणि नुकताच चहा झालेला असताना त्या पुन्हा चहा ठेवायला आत गेल्या. लवकर बाहेर आल्या नाहीत.

धूळ, वारा, ऊन चालणार नव्हतं. वाकायचं नव्हतं. मामाजी ओसरीत बसून राहिले, आणि तलावावर मी एकटी जायला लागले. मनातल्या मनात हंसांना सांगायची, थांबा रे थोडं. पण उन्हं तापू लागली होती, हरभऱ्याची सोंगणी झाली होती. एका सकाळी काठ रिकामा होता. परत येताना वाटभर विचार करत होते, खरं सांगावं की अजून आहेत म्हणावं. ओसरीत आले तर ते दाराकडेच तोंड करून बसलेले.

"गेले, मामाजी."

"जाऊ दे," ते म्हणाले. "त्याईचा हंगाम झाला. त्याईनं कोणासाठी कायले थांबावं?" पण त्या दिवशी ते जेवले थोडंच.

होळी झाली आणि डॉक्टरीणबाईंनी बाहेर पडायची परवानगी दिली. पहिल्याच सकाळी आम्ही निघालो. सोंगलेल्या शेतांतून वाट मोकळी झाली होती. मामाजी पुढे चालत होते आणि काठी जमिनीला लावतच नव्हते. मध्येच थांबायचे. ढेकूळ पाहायचे, मुंग्यांची रांग पाहायची, स्वतःच्या हाताची नखं पाहायची. "आतापर्यंत सगळं हळदीच्या पाण्यातून पाहून राह्यलो होतो," म्हणाले. "आभाळ इतकं निळं असते हे मी इसरूनच गेलतो."

तलावाच्या पल्याड पळसाची झाडं होती. फुलं संपत आली होती. पण लांबून पाहिलं तर झाडं भरलेली दिसत होती, आणि हलत होती. मी ओळखलं. भोरड्या होत्या. थंडीभर ज्वारीच्या शेतांतून थव्यानं हिंडणारी ही मैनेच्या जातीची पाखरं परत जाण्याआधी अशी एकत्र येतात. त्यांनाही पार मध्य आशियापर्यंत जायचं असतं. पळसाच्या फुलातला रस पिऊन त्यांच्या कपाळाला पिवळे पराग लागले होते.

मी दुर्बीण दिली. मामाजींनी मधलं चाक स्वतः फिरवलं, कधी इकडे कधी तिकडे, ते नीट बसेपर्यंत. मी विचारलं नाही, सांगितलं नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना काही दाखवत नव्हते.

"हे गुलाबी आहेत काय?" त्यांनी हळूच विचारलं. "का मलेच तसं दिसते?"

"गुलाबीच आहेत, मामाजी. डोकं अन् पंख काळे, बाकी गुलाबी."

"कापसाच्या ढिगावर गुलाल सांडल्यावानी."

तेवढ्यात काय झालं कुणास ठाऊक, अख्खा थवा उठला. आभाळात एक मोठी चादर झटकल्यासारखी झाली. ती वळली की काळी दिसायची, पुन्हा वळली की गुलाबी. मामाजी दुर्बीण सोडून नुसत्या डोळ्यांनी पाहू लागले. थवा वळेल तसे ते सगळ्या अंगानं वळत होते, पाळीच्या अगदी काठावर, तोंड वर करून. ते पडतील म्हणून मी त्यांच्या सदऱ्याची बाही धरली. सुनेनं सासऱ्याला हात लावायची रीत आमच्या घरात नव्हती. ती बाही मी सोडली नाही आणि त्यांनीही सोडवली नाही. थवा परत झाडांवर उतरला तेव्हा त्यांच्या गालांवर पाणी होतं. म्हणाले, "उजेडानं येते. डॉक्टरीणबाईनं सांगतलं होतं."

मामाजींना दिसायला लागल्यावर घरात मात्र सगळ्यांना जड गेलं. त्यांना कोपऱ्यातली जाळी दिसू लागली, दुकानाच्या काट्यावरची धूळ दिसू लागली, भातातला खडा दिसू लागला. "नसतं केलं आपरेशन तं बरं होतं," असं सासूबाई उठता बसता म्हणायच्या. उरलेल्या डोळ्याचं ऑपरेशन करायला पुढच्या वर्षी मामाजीच मागे लागले.

त्या हिवाळ्यात हंस आले तेव्हा त्यांनी ते पहिल्यांदा नीट पाहिले. बराच वेळ पाहून दुर्बीण खाली केली आणि म्हणाले, "हे तं लहान आहेत वो! मी तं याईले मोराएवढे समजून बसलो होतो." आम्ही दोघंही इतके हसलो की काठावरच्या बाया आमच्याकडे पाहायला लागल्या. "तुह्या सांगण्यात मोठे होते," ते म्हणाले.

पुढे पिपरी भरत गेली. हरभऱ्याच्या शेतावर घरं आली, तलावाचा एक काठ मुरूम टाकून बुजवला गेला, आणि हंस तिथं उतरेनासे झाले. दोन हजार सालानंतर मी स्कूटी शिकले. मग फेब्रुवारी लागला की मामाजींना मागे बसवून पवनारला न्यायची. तिथं धाम नदीच्या खडकांवर शेंदरी रंगाच्या चक्रवाकांची जोडी असायची, ती मार्चपर्यंत थांबायची. मामाजी आता थकले होते. नदीकाठच्या पायऱ्या उतरायचे नाहीत, वरच कट्ट्यावर बसायचे. कधी मुलगी बरोबर यायची, कधी सासूबाईसुद्धा मागून ऑटोनं यायच्या, "घरी एकटी बसून काय करू" म्हणत, आणि परतताना वाटेवरच्या शेतातल्या बाईकडून ताजी मेथी घ्यायच्या.

अशाच एका मार्चमधल्या सकाळी आम्ही दोघंच गेलो होतो. ऊन नुकतंच पाण्यावर आलं होतं. आधी आवाज आला, मग नदीच्या वरच्या अंगाला, खूप उंचावर, हंसांची रांग दिसली. कुठल्या तरी धरणावरून उठून ते उत्तरेला निघाले होते. रांग वाकडी होत होती, पुन्हा सरळ होत होती. मी मोजू लागले, पण मामाजींनी माझा हात दाबला.

"तो पाह्य. मागं राह्यला."

खरंच एक हंस मागे होता. रांगेपासून बराच दूर, एकटा, जोरजोरानं पंख मारत. मामाजी कट्ट्यावरून उठून उभे राहिले. मान वर करून, तोंड थोडं उघडं ठेवून ते त्या एकट्याकडे पाहत राहिले. रांग पुढे जात होती. अंतर कमी होतं आहे की नाही ते मला खालून कळत नव्हतं. मामाजींना कळत असावं, कारण त्यांचा श्वास मध्येच अडकायचा आणि मध्येच सुटायचा. मग रांगेचं शेवटचं टोक थोडं सैल झालं, आणि तो एकटा त्या जागेत शिरला.

"घेतलं त्याले त्याईनं," मामाजी म्हणाले, आणि कट्ट्यावर बसले.